सीएनसीला माणूस हवा होता: कोल्हापुरातल्या एका प्लेसमेंट कन्सल्टन्सीचा हिशोब

पाचपैकी साडेतीन. गुण आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना कामाची पाळी सुरू करायची घाई आहे त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

कन्सल्टन्सीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या धंद्यात पाटीला फारसा अर्थ नसतो. तुमचं काम हाताळणारा त्यांच्या ऑफिसातला एक माणूस असतो आणि तो सोडून गेला की तीच पाटी, तीच फी, पण सेवा वेगळीच. तेव्हा हे परीक्षण कोल्हापुरातल्या त्या जातीच्या कुठल्याही कन्सल्टन्सीचं समजून वाचलं तरी हरकत नाही.

शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग (ओतीव भाग) येतं, आम्ही टर्निंग-मिलिंग-ड्रिलिंग करून पुढे पाठवतो. माणसं तिसाच्या आत. शेडमधलं सगळं नवरा बघतो. पगार, पीएफ, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा), बिलं आणि माणसं घेणं माझ्याकडे आहे.

माझ्या आधी माणसं घ्यायचं काम सासऱ्यांकडे, म्हणजे अण्णांकडे होतं. अण्णांची मुलाखत दोन प्रश्नांची. कुठल्या गावचा? आणि कुणाचा? उत्तर पटलं की उद्यापासून ये. हसू नका, ही पद्धत कित्येक वर्षं उत्तम चालली. ज्याने माणूस आणला तोच त्याचा जामीन. पोरगं चार दिवस खाडा करून बसलं तर आणणारा गडी स्वतः त्याच्या घरी जाऊन त्याला मोटारसायकलवर बसवून आणायचा. असली हमी कुठली कन्सल्टन्सी देते?

पण त्याचं एक झालं. पन्हाळ्याच्या बाजूच्या एकाच गावची पोरं आमच्याकडे साठली. मेव्हणा, चुलतभाऊ, मेव्हण्याचा मित्र. चैत्रात जोतिबाची यात्रा आली की दुसरी पाळी रिकामी. जून-जुलैत भाताची रोप लावण सुरू झाली की पुन्हा तेच. एकाला बोललं की चौघं रुसतात, आणि एकाची पगारवाढ म्हणजे आठवणीने सगळ्यांची. शिवाय साध्या लेथवर नवख्या पोराला शिकवून तयार करता येत होतं. सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर, ऑफसेट (हत्याराच्या मापाची दुरुस्ती) चुकला की टरेट (हत्यारं धरणारा भाग) थेट चकवर (तुकडा पकडणाऱ्या भागावर) जातो, आणि मग चक फिरवणाऱ्या स्पिंडलच्या दुरुस्तीचं बिल बघून कुणाचा कोण हे विचारायचीही इच्छा राहत नाही. म्हणून एक सेटर-कम-ऑपरेटर (मशीनचं सेटिंग करणारा आणि चालवणाराही) आणि क्वालिटीला, म्हणजे मापं तपासायला, एक माणूस बाहेरून, ओळखीशिवाय घ्यायचा ठरलं.

कन्सल्टन्सीवाल्याची पहिली भेट चांगली झाली. आम्ही फोनवर नुसतं "सीएनसी ऑपरेटर, अनुभव 2 ते 4 वर्षं" एवढंच सांगितलं होतं. हा पठ्ठ्या दुसऱ्या दिवशी शेडमध्ये हजर. "वहिनी, आधी मशीन बघू द्या." मशीनचा कंट्रोल कुठल्या कंपनीचा, फॅनुक की सीमेन्स, नुसता जॉब (घडवायचा तुकडा) लावायचा-काढायचा की ऑफसेटही द्यायचा, प्रोग्राममध्ये हात घालायचा का, रात्रपाळी आठवड्याने फिरते की महिन्याने, सुट्टी सोमवारची का, गेटपर्यंत केएमटीची बस येते का. इतकं विचारून मग त्याने कागद भरला. नंतर आणखी दोन कन्सल्टन्सींशी बोलले, त्यातल्या एकानेही शेडमध्ये पाय ठेवला नाही. साडेतीनातला अर्धा गुण त्या एका फेरीचा आहे.

आता पैशाचं. यांची फी वार्षिक पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे सरळ भाषेत एक महिन्याचा पगार. वर 18 टक्के जीएसटी. त्याचं क्रेडिट मिळतं, पण पैसे आधी मोजावेच लागतात. माणूस 90 दिवसांत सोडून गेला तर बदली माणूस फुकट. पैसे परत नाहीत. हे बाजारात सगळीकडे साधारण असंच आहे.

या फीत एक गोम आहे आणि ती लक्षात यायला मला आमच्या सेटरनेच मदत केली. फी पगारावर, म्हणजे पगार जितका वाढेल तितकं त्यांचं बिल वाढणार. कन्सल्टन्सीवाला मला फोनवर पटवत होता की हा माणूस 23 हजारांच्या खाली येणार नाही, बाजार चढा आहे, हातचा जाईल. मी नाइलाजाने तयारही झाले. मुलगा समोर बसला तेव्हा म्हणाला, "ताई, मला 20,900 धरा." मी बघतच राहिले. त्याच्या आईची कायमची औषधं चालू आहेत. पगार 21,000 च्या वर गेला की नव्या नोकरीत ईएसआय लागू होत नाही, आणि ईएसआय असलं की त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईचाही इलाज त्यात होतो. बाहेर आईच्या दवाखान्याला जे लागतं त्यापुढे वरचे दोन हजार काहीच नाहीत, हा हिशोब त्याने घरी कागदावर करून आणला होता. 20,900 फी, 3,762 जीएसटी, असं बिल झालं. कन्सल्टन्सीवाल्याचा चेहरा मी पाहिला नाही, फोनवर होता. पण "बरं, चालेल" म्हणायला त्याला जरा वेळ लागला.

म्हणून सांगते, पगाराची बोलणी मध्यस्थामार्फत करू नका. तो खोटं बोलतो असं नाही. पण त्याचं हित तुमच्या बाजूला नाही आणि बऱ्याचदा उमेदवाराच्याही बाजूला नाही.

बायोडाटा व्हॉट्सअ‍ॅपवर आले, धपाधप. सगळे कन्सल्टन्सीच्या लेटरहेडवर पुन्हा टाइप केलेले, मुलाचा फोन नंबर गाळून. ते त्यांचं पोट आहे, त्यामुळे तक्रार नाही. तक्रार ही की टाइप करताना सगळी पोरं एकसारखी करून टाकली. सगळेच मेहनती, सगळेच टीममध्ये काम करणारे, सगळ्यांचं ध्येय कंपनीची प्रगती. पेठवडगावच्या पोराचा आणि जयसिंगपूरच्या पोराचा छंदही एकच, क्रिकेट आणि वाचन. एकाला विचारलं काय वाचतोस, तर तो खरंच बावरला, कारण त्याने ते लिहिलंच नव्हतं. मूळ हाताने लिहिलेला अर्ज मला जास्त उपयोगी पडला असता. कुठल्या शेडमध्ये कुठल्या मशीनवर किती दिवस आणि का सोडलं, एवढंच मला हवं असतं.

यावर मी एक सोपा मार्ग काढला आहे. मुलाखतीला आलेल्याला त्याच्याच फोनवर पीएफच्या यूएएनवरची (कायमच्या खाते क्रमांकावरची) नोकऱ्यांची नोंद उघडायला सांगते. कुठे कधी लागला, कधी सोडलं, तारखांसकट दिसतं. मात्र नोंद नाही म्हणजे पोरगं खोटारडं, असं धरू नका. लहान शेडमध्ये पीएफ नसतो, पगार रोखीत मिळतो, स्लिप कुठून आणणार? अशा वेळी काम दाखव म्हणायचं.

कन्सल्टन्सीशी आमचं पहिलं वाजलं ते इथेच. मला ट्रायल हवी होती. ते म्हणाले, "वहिनी, ट्रायल म्हटलं की पोरं पळतात, मार्केटमध्ये माणूस नाही." मी म्हटलं, पळू देत. ट्रायलच्या दिवसाची हजेरी मी देते, जेवण देते, आणि त्या दिवशी केलेला जॉब गिऱ्हाईकाला पाठवत नाही. फुकटात दिवसभर राबवून घेऊन त्याला ट्रायल म्हणणारे आहेत आपल्यात, म्हणून पोरं पळतात.

आमची ट्रायल अशी असते. टेबलावर एक ड्रॉइंग, शाफ्टचा व्यास 25 एच-सिक्स (मापात किती सूट चालेल त्याची खूण), म्हणजे वरची हद्द 25.000 मिलिमीटर आणि खालची 24.987. तेरा मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या तेरा हजारांशांचा खेळ. शेजारी तयार पाच शाफ्ट, त्यात एक मुद्दाम कमी मापाचा. हातात मायक्रोमीटर. आमचे मिस्त्री उत्तराकडे बघतच नाहीत. पोरगं मायक्रोमीटर उचलल्यावर आधी तोंडं पुसून झिरो तपासतं का, एवढंच ते बघतात. सरळ मापायला लागला तर मिस्त्री माझ्याकडे बघून चहा सांगतात. चहा म्हणजे पोरगं नापास.

त्यानंतर मशीन. इन्सर्ट (कापणारं पातं) बदल आणि ऑफसेट दे. जाणता माणूस थोडं माप राखून पहिला कट घेतो, मोजतो, मग ऑफसेट दुरुस्त करतो. पहिला जॉब सिंगल ब्लॉकला (प्रोग्रामची एकेक ओळ थांबत), रॅपिड (हत्याराची वेगवान धाव) कमी ठेवून चालवतो आणि एक हात फीड होल्डजवळ, म्हणजे हत्यार थांबवायच्या बटणाजवळ असतो. बायोडाट्यात "7 वर्षं अनुभव" लिहिलेल्या एका गड्याने फुल रॅपिडवर थेट सायकल स्टार्टकडे हात नेला. अशा वेळी मिस्त्री इमर्जन्सी स्टॉपवर अंगठा ठेवूनच उभे असतात, म्हणून चक वाचला. त्याची सात वर्षं खोटी नव्हती, बरं का. सातही वर्षं त्याने जॉब लावायचा, बटण दाबायचं, जॉब काढायचा एवढंच केलं होतं. सेटिंग दुसराच करायचा.

माझा भाचा शिवाजी विद्यापीठात एमबीए करतो. त्याला हे सांगितलं तर त्याने मला त्याचा अभ्यास काढून दाखवला. 1998 मध्ये अमेरिकेत श्मिट आणि हंटर या दोघांनी 85 वर्षांतलं संशोधन एकत्र करून तपासलं होतं की निवडीच्या कुठल्या पद्धतीवरून माणूस पुढे कसा काम करेल याचा अंदाज बरा येतो. नमुन्याचं काम करून घेणं आणि सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारणं, या दोन्ही गोष्टी वरच्या ओळीत होत्या. नुसती अनुभवाची वर्षं पार खाली. 2022 मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी ते आकडे पुन्हा तपासून बरेच खाली आणले, पण ठरलेल्या प्रश्नांची मुलाखत त्यातही वर राहिली. मिस्त्रींना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, त्यांना विचारा, झिरो बघायचा असतो हे त्यांच्यापैकी कुणी सांगितलं का.

ठरलेले प्रश्न मात्र मी तेव्हापासून वापरते. सगळ्यांना तेच, त्याच क्रमाने, आणि उत्तर झाल्या झाल्या वहीत गुण. याआधी ज्याच्याशी गप्पा रंगायच्या तो चांगला वाटायचा. सीएनसीला गप्पिष्ट माणूस काय करायचाय?

क्वालिटीच्या जागेसाठी त्यांनी चांगली मुलगी पाठवली, हे मान्य करायला हवं. आयटीआयची, ट्रायलमध्ये कमी मापाचा शाफ्ट तिने सगळ्यात आधी बाजूला काढला आणि गेजचं कॅलिब्रेशन (मापायच्या साधनाचीच तपासणी) कधी झालंय हे मलाच विचारलं. पण कन्सल्टन्सीच्या फॉर्ममध्ये तिच्यासाठी वेगळा प्रश्न छापलेला: "लग्नाचा विचार?" मुलांच्या फॉर्मात नाही. मी फोन करून विचारलं की हे कशाला, तर म्हणाले, बऱ्याच कंपन्या विचारतात म्हणून आधीच भरून घेतो. आमच्याकडच्या पोरांनी लग्न ठरल्यावर, लग्नात आणि लग्नानंतर किती रजा काढल्या याचं रजिस्टर माझ्याकडे आहे, हवं तर पाठवते म्हटलं. पुढच्या फॉर्मात तो रकाना नव्हता. निदान मला पाठवलेल्या फॉर्मात तरी नव्हता.

आता कन्सल्टन्सी कमी कुठे पडली ते सांगते.

एकाला ऑफर लेटर दिलं, जॉइनिंगची तारीख ठरली, बूट-गणवेशाचं माप घेतलं. त्या दिवशी आला नाही. फोन बंद. नंतर कळलं की आमचं पत्र जुन्या मालकाला दाखवून त्याने तिथेच पगार वाढवून घेतला. त्या पोराचा मला राग नाही, ज्याच्या हातात जे असेल ते तो वापरणार. पण कन्सल्टन्सीने ऑफर आणि जॉइनिंगच्या मधल्या दिवसांत त्याला एक फोन केला नव्हता. एक महिन्याचा पगार घेता तर हे काम कुणाचं?

दुसरं जरा जास्त लागलं. त्यांनी दिलेला एक ऑपरेटर छान रुळला होता. 90 दिवस संपले, हमी संपली, आणि आठवडाभरात त्याने नोटीस दिली. गेला कुठे, तर मागच्याच गल्लीत. कुणामार्फत? त्याच कन्सल्टन्सीमार्फत. एकाच माणसाची दोनदा फी. मी ऑफिसात जाऊन बसले. मालक म्हणाले, "मॅडम, त्याने आमच्याकडे स्वतः पुन्हा नाव नोंदवलं, आम्ही नाही कसं म्हणणार?" करारात तसं काही लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे वाद तिथेच थांबला.

आणखी एक गोष्ट अशीच चहा पिताना त्याच पोराकडून कळली होती. नाव नोंदवायला त्यांनी त्याच्याकडूनही पाचशे रुपये घेतले होते. मालकाकडून फी घेता ना, मग काम शोधणाऱ्याकडून कशाला? हे विचारल्यावर "रजिस्ट्रेशन चार्ज" असं उत्तर आलं. पावती नव्हती. पुढच्या वेळी मी उमेदवाराला पहिला प्रश्न हाच विचारते, आणि पैसे घेतले असतील तर माझ्या बिलातून वजा करून त्याला द्यायला लावते. एकदा वजा केल्यावर नंतर तशी तक्रार आली नाही.

जुन्या मालकाकडे चौकशी केली, असं ते लेखी देतात. त्यांची चौकशी म्हणजे उमेदवाराने दिलेल्या नंबरवर फोन. तो नंबर एकदा मामाचा निघाला. चौकशी स्वतः करा, आणि पोरगं सध्या कामावर असेल तर चालू मालकाला चुकूनही विचारू नका. आधीच्या शेडच्या मिस्त्रीला विचारा. शिरोलीत कुठल्या टपरीवर कुणाचे मिस्त्री चहाला असतात हे तुम्हाला ठाऊक नसेल तर तुमच्या मिस्त्रींना नक्की ठाऊक असतं.

कन्सल्टन्सी नको असेल तर दुसरी वाट आहे, आणि आम्ही ती सोडलेली नाही. कळंब्याच्या आयटीआयमधून टर्नर-मशिनिस्टची पोरं अप्रेंटिस म्हणून येतात. 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखाली 30 किंवा जास्त माणसं असलेल्यांना संख्येच्या 2.5 ते 15 टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, 4 ते 29 वाल्यांना ऐच्छिक. 2016 पासूनच्या केंद्राच्या नॅप्स या अप्रेंटिससाठीच्या योजनेत स्टायपेंडचा 25 टक्के भाग, महिन्याला 1,500 पर्यंत, सरकार उचलतं. राज्याची 2024 ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना वेगळी. तिच्यात आयटीआय किंवा डिप्लोमा झालेल्याला सरकारकडून महिना 8,000 विद्यावेतन ठरलं. पैशापेक्षा मोठा फायदा हा की पोरगं वर्षभर डोळ्यासमोर असतं, त्यामुळे मुलाखत घ्यावीच लागत नाही. पण दोन गोष्टी. एक, पोर्टलवर करार चढवायला बसलं की एक दुपार गेली समजा. दोन, अप्रेंटिस म्हणजे तयार सेटर नव्हे. ज्या मालकाला उद्या सकाळच्या पाळीला माणूस हवा आहे त्याला हा रस्ता कामाचा नाही. आणि अप्रेंटिसला स्वस्त हमाल म्हणून वापरणार असाल तर तो शिकणार नाही, राहणारही नाही.

तरीही पुन्हा त्याच कन्सल्टन्सीकडे जाणार आहे, टूल रूमसाठी. सेटर आणि क्वालिटीची मुलगी दोघंही टिकून आहेत, आणि ती दोघं मला माझ्या ओळखीतून मिळाली नसती. सेटर सांगलीकडे कुपवाडला होता. त्याला आईसाठी घराजवळ यायचं होतं, हे कन्सल्टन्सीलाच ठाऊक होतं. अण्णांच्या दोन प्रश्नांत तो बसलाच नसता. अण्णा आता रोज सकाळी त्याच्याशी गावाकडच्या ऊसदराबद्दल बोलतात.

फक्त या वेळी करार मी टाइप केला. फी ठोक रकमेत, पगाराशी संबंध नाही. निम्मी जॉइनिंगला, निम्मी तीन महिन्यांनी. त्यांनी दिलेला माणूस एक वर्ष दुसरीकडे लावायचा नाही, लावला तर फी परत. उमेदवाराकडून पैसे घ्यायचे नाहीत. ऑफरनंतर जॉइनिंगपर्यंत आठवड्याला एक फोन. कन्सल्टन्सीच्या मालकांनी एक वर्षाची अट सहा महिन्यांवर आणली, बाकीच्याला सही केली. घासाघीस करायची असेल तर महिनाअखेरीला जा, तेव्हा ते लवकर ऐकतात. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि दुपारी दीड ते चार कुणी फोन उचलत नाही.